दूधगंगेकाठी मोटारीची राखण

गावाचं नाव मी लिहिणार नाही. दूधगंगेच्या काठावर, निपाणीपासून लाल बसने तासाभरावर, पुलाच्या अलीकडे कर्नाटक आणि पलीकडे महाराष्ट्र, एवढं सांगायची मला परवानगी आहे. नाव लिहिलं तर आमचं बांधाचं भांडण छापून येईल आणि शेजारचा तात्यासाहेब तो कागद कोर्टात नेऊन दाखवील, अशी अण्णांना भीती वाटते. अण्णा कोण, तात्यासाहेब कोण आणि त्या बांधाशी माझा काय संबंध, ते पुढे येईलच. आधी एवढंच सांगते की मी रत्नागिरीची, पोस्टाच्या खिडकीमागे चौतीस वर्षं बसून निवृत्त झालेली, एकटीने हिंडणारी बाई आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांवर गावांची नावं वाचली, आता ती गावं बघत सुटले आहे.

शहापूर

बेळगावात दोन दिवस मी शहाण्या प्रवाशासारखी वागले. कॅम्पातल्या झाडांखालून फिरले, चर्चच्या पायरीवर बसून पलटणीतल्या जवानांची धावाधाव पाहिली, कुंदा खाल्ला आणि बांधूनही घेतला. तिसऱ्या दिवशी शहापुरात साडी घ्यायला गेले. अरुंद गल्ली, आतल्या कुठल्याशा घरातून मागाची खटखट, आणि दुकानदार असा निवांत की मी सतरा साड्या उलगडायला लावल्या तरी अठरावी त्याने आपणहून उलगडली.

मी त्याला सहज विचारलं, जिथे बघायला काहीच नाही अशी एखादी शांत, नदीकाठची जागा सांगा. आमच्याकडे असा प्रश्न विचारला तर लोक लॉजचं कार्ड देतात. या गृहस्थाने सरळ फोन उचलला आणि कानडीत बोलायला लागला. मला त्यातलं "आक्का" तेवढं कळलं. मध्येच फोनवर हात ठेवून त्याने मला विचारलं, मी शाकाहारी ना? बाहेर असले की मी शाकाहारीच असते, म्हणून मी मान हलवली. तो फोनमध्ये "शुद्ध हाय" म्हणाला, तेवढं मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

"आमच्या थोरल्या आक्काकडं जावा," फोन ठेवून तो म्हणाला. "वरची खोली रिकामी हाय. पोरगा बेंगळूरला. फकस्त दिवस मावळायच्या आत पोचा."

का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, गावात रस्ते अंधारे असतील.

शनिवार

निपाणीच्या स्टँडवर उतरले आणि तंबाखूचा खकाणा असा नाकात गेला की मी लागोपाठ नऊ शिंका दिल्या. बाकड्यावरची म्हातारी म्हणाली, नवीन माणसाला इथे असंच होतं, आम्हाला परगावी गेल्यावर वास येत नाही म्हणून शिंका येतात. पुढची बस उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडत चालली. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या आणि वर अशी गाणी की अर्धा कर्नाटक ऐकत असावा. दोन्ही बाजूंना ऊस, तंबाखू, मध्येच हरभरा, आणि प्रत्येक पाटीवर मला न वाचता येणारी गोलगोल सुंदर अक्षरं. पोस्टात जन्म गेलेल्या बाईला पत्ता वाचता येऊ नये याची मला जरा लाजच वाटली.

पोचले तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. पासष्टीच्या पुढची, उंच, बारीक, हातभर हिरव्या बांगड्या घातलेली एक बाई उंबऱ्यात उभी होती आणि माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या सूर्याकडे बघत होती. ह्याच आक्का.

"हातपाय धुवा," त्या म्हणाल्या. "दहा मिनटं हाईत."

हे जैनांचं घर होतं आणि सूर्य मावळल्यावर इथे कुणी जेवत नाही, हे मला तेव्हा उमगलं. खांद्यावरची कापडी पिशवी मी मिळेल त्या खुंटीला अडकवली आणि पाटावर बसले. ज्वारीची पातळ भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दूध, गूळ. कांदा-लसणाचा कण नाही आणि तरी चव अशी की मी घाईघाईत तीन भाकऱ्या संपवल्या. आक्का वाढत होत्या आणि दर मिनिटाला खिडकीतून सूर्याकडे बघत होत्या. मी शेवटचा घास गिळला आणि सूर्य गेला. परीक्षेचा पेपर वेळेत पुरा केल्यासारखं मला वाटलं.

अण्णा म्हणजे आक्कांचे यजमान. ठेंगणे, गोल, ढोपराला पट्टा बांधलेले, बोलायला मोकळे. तुम्ही एकट्याच? घरच्यांनी सोडलं कसं? मी म्हटलं, सोडायला घरचे होते कुठे. ते खूप हसले आणि मग हसलो ते बरं दिसलं नाही असं वाटून गप्प झाले. इथल्या बायका "मी आलो, मी करतो" असं पुरुषांसारखं बोलतात, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी आक्कांचं अर्धं बोलणं मला अण्णांचंच वाटत होतं.

रविवार

सकाळी नऊच्या सुमाराला मी नदीवर जायला निघाले आणि गल्लीतच थबकले. प्रत्येक दारात माणसं उभी होती. नुकती न्हालेली, धुतलेल्या ओल्या-सुक्या वस्त्रांतली, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कुणाच्या हातात कळस, कुणाच्या नारळ, कुणाच्या डाळिंब, एका घरी तर उसाचं अख्खं कांडं. दारासमोर रांगोळी. बोलत कुणी नव्हतं. बोर्डाचा निकाल लागायच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात असते तशी शांतता.

समोरच्या घरातली मंगल, आक्कांची मैत्रीण, तिने मला हळूच सगळं सांगितलं. गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एक दिगंबर मुनी मुक्कामाला आले आहेत. ते दिवसातून एकदाच आहार घेतात, उभ्याने, स्वतःच्या ओंजळीत. कुणाच्या घरी घ्यायचा ते मात्र आधी कुणालाच माहीत नसतं. निघताना ते मनाशी एक खूण धरतात. अमुक गोष्ट हातात घेतलेलं माणूस दिसलं, अमुक तऱ्हेने उभं असलेलं दिसलं, तरच तिथे थांबायचं. दिसलं नाही तर परत जायचं आणि त्या दिवशी उपवास. ती खूण ते सांगत नाहीत आणि कुणी विचारायचीही नाही. म्हणून घरोघर पहाटेपासून विहिरीचं पाणी गाळून, उकळून, सोवळ्यात स्वयंपाक करायचा, त्याला चौका लावणं म्हणतात, आणि जमेल ते हातात घेऊन दारात उभं राहायचं.

"गल्लीचा अंदाज हाय, ह्या वक्ताला जोडी बगत्यात," मंगल कुजबुजली. "नवरा-बायकू दोगं उभारली की थांबत्यात. आक्का आठ दिस एकटीच उभारतीया."

मी आक्कांकडे पाहिलं. त्या दोन्ही हातांत कळस धरून उभ्या होत्या, ताठ, आणि शेजारची जागा रिकामी होती. तेवढ्यात महाराज आले. कृश, सावळे, एका हातात मोरपिसांची पिंछी, दुसऱ्या हाताची बोटं खांद्याला टेकलेली, नजर समोरच्या चार पावलांवर. दारादारातून "नमोस्तु स्वामी, तिष्ठ तिष्ठ" असे आवाज उठले. सगळ्यांनी हळू म्हटलं, तरी गल्ली घुमली. ते आले तसे पुढे गेले. आक्कांच्या दारावरूनही गेले. मी ना जैन ना भाविक, पण ते वळणाआड जाईपर्यंत मी जागची हलले नाही.

अण्णा कुठे होते? अण्णा नदीवर होते. दुपारी मला ते शेत दाखवायला घेऊन गेले तेव्हा कारण कळलं. शेतीच्या मोटारींना थ्री फेज वीज ठराविक वेळेलाच येते आणि या आठवड्यात ती वेळ सकाळी नऊची होती. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, ते नदीतून चार दिवसांत उतरणार, आणि उसाची नवी लागण तहानलेली. मजूर सगळे तोडणीला गेलेले. मी म्हटलं, आता मोबाईलवरून मोटार चालू करता येते म्हणतात. अण्णा म्हणाले, येते की, पण मोबाईल सरीचं तोंड फोडत नाही. आणि मग मला त्यांनी ते प्रात्यक्षिक दाखवलं. पाटातून पाणी येतं, पाच सऱ्यांची तोंडं खोऱ्याने फोडायची, पाणी टोकाच्या लाल चिंधीपर्यंत पोचलं की ती बुजवायची आणि पुढच्या पाच फोडायच्या. सऱ्या ते कानडीत मोजत होते, वंदू, यरडू, मूरू. शिव्या मराठीत देत होते. मी विचारलं, तुमची खरी भाषा कुठली? म्हणाले, समोरच्याची असंल ती.

शिव्या होत्या शेजारच्या शेताला. मधला बांध तात्यासाहेबाने दर वर्षी चार बोटं कोरून कोरून हातभर खाल्ला होता, असं अण्णांचं म्हणणं. तात्यासाहेबाचं म्हणणं नेमकं उलटं. सहा वर्षं दोघांत बोलणं नाही. त्याची मोटार जळाली होती आणि त्याची लागण आमच्या डोळ्यांसमोर पिवळी पडत चालली होती.

"एक थेंब त्या बांधापल्याड जाता कामा न्हाय," अण्णा मला म्हणाले. जणू मीच नेऊन ओतणार होते.

संध्याकाळी, अर्थातच सूर्य असताना, जेवणं झाली आणि आक्का पडवीत शेंगा निवडत बसल्या. मी म्हटलं, उद्या येतील महाराज. त्यांनी सूप पुढे ओढलं. मग शेंगांकडे बघतच म्हणाल्या, "सा वर्सं झाली. जे जे म्हाराज आले त्येंच्यासाठी चौका लावला. एकबी थांबलं न्हाईत. माझ्याच हातात खोट हाय काय, आसं वाटाय लागलंय."

अण्णांना हे ऐकवेना. विषय बदलायला ते मला म्हणाले, मेव्हण्याचा, त्या साडीवाल्याचा, फोन होता, तुमच्याकडे कुंदा आहे म्हणे. आक्का बाजारचं गोड खात नाहीत, पण अण्णांचा नियम सूर्यास्तापुरता आणि कांद्यापुरताच होता. मी उठले, खुंटीवरच्या कापडी पिशवीत हात घातला, कुंद्याचा डबा काढला, आणि खाली माझ्या बोटांना एक बाटली लागली.

तिच्यात जवळा होता. सुका जवळा भाजून, तिखट-मीठ, लसूण घालून केलेली चटणी. प्रवासात अळणी जेवायची वेळ आली तर असावी म्हणून मी ती नेहमी बरोबर ठेवते. आम्हा कोकणातल्या लोकांना त्यात काही विशेष वाटत नाही, तुम्ही लोणचं नेता तसं आम्ही हे नेतो. आणि ती पिशवी मी ज्या खुंटीला अडकवली होती ती आक्कांच्या चौक्याच्या, म्हणजे सोवळ्याच्या स्वयंपाकखोलीच्या, दाराची होती.

सोमवार

गुपचूप बाटली काढून घ्यावी आणि सकाळच्या बसने निघून जावं, असा विचार मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला तासभर आला. पण आक्कांचं ते "खोट हाय काय" कानातून जाईना. पहाटे त्या विहिरीवर पाणी ओढत होत्या, तिथे जाऊन मी सांगून टाकलं. मी मासे खाते, तुमच्या साडीवाल्या भावाला अर्धं खरं सांगितलं, आणि चौक्याच्या दाराशी दोन रात्री काय टांगलं होतं तेही.

त्यांनी घागर खाली ठेवली. बाटली उघडली होती का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं नाही, घट्ट झाकण आहे, वर दोन पिशव्या.

"न्हाय सांगितलं तर कुणाला कळालं असतं?" त्या म्हणाल्या.

"म्हणूनच राहवलं नाही."

"मग आज न्हाय लावत चौका," त्या म्हणाल्या आणि ओढलेलं पाणी गोठ्याकडे घेऊन गेल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सगळं घर धुवायला काढलं. भिंती, पाट, खुंट्या. मी मदतीला गेले तर अण्णांनी हाताने थांबवलं. आणि नेमकं त्या दिवशी दहा वाजता महाराज गल्लीत शिरले ते थेट आमच्या बाजूने आले. दारात कुणी नव्हतं, रांगोळी नव्हती, उंबऱ्यावरून धुण्याचं पाणी वाहत होतं. माडीच्या खिडकीतून मी पाहत होते. आमच्या दाराशी त्यांची पावलं मंदावली, अगदी स्पष्ट मंदावली, आणि मग ते पुढे चार घरं जाऊन एका जोडप्यासमोर थांबले. खाली आक्का फडकं पिळत होत्या. त्यांनीही ते पाहिलं असणार, कारण पिळून झालेलं फडकं त्या पुन्हा पिळत राहिल्या.

त्या बाटलीचं करायचं काय हाही प्रश्नच होता. नदीत नको, शेतात पुरायची नाही. शेवटी अण्णांनी तोडगा काढला. "पूल वलांडून म्हाराष्ट्रात सोडून या."

मी तडीपार माल घेऊन निघाले. पूल बुटका आणि लांब. खाली दूधगंगा संथ, हिरवी, काठाला पाणी पिणाऱ्या म्हशी आणि मोटारींच्या पाइपांची रांग. मधोमध आले तसा मोबाईल टुणकन वाजला आणि मला महाराष्ट्रात आल्याचं कळलं. तेवढीच सीमा. दोन्ही काठांवर तोच ऊस, तोच चिखल, त्याच म्हशी, आणि एक म्हैस तर माझ्या देखत पोहत कर्नाटकात गेली. पलीकडच्या काठावर एक भोई जाळं झाडत बसला होता. मी बाटली पुढे केली. त्याने झाकण उघडून हुंगलं आणि त्याचं तोंड फुललं.

समुद्राचं हे का, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने फडक्यातली भाकरी सोडली, थोडी चटणी वर घेतली, दोन घास खाल्ले आणि खिशातून डोळे पुसायला रुमाल काढला. तिखट जरा जास्तच होतं. मग म्हणाला, एवढा बारका मासा धरायला तुमच्याकडं जाळं तरी कसलं असतंय? त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. आल्यापासून माझं एवढं मनमोकळं बोलणं कुणाशी झालं नव्हतं, आणि परतताना त्याचंही मला वाईट वाटलं.

घरी आले तेव्हा सूर्य कलला होता आणि आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. हातपाय धुवा, म्हणाल्या. पानात कालच्यापेक्षा एक पदार्थ जास्त होता, गव्हाची खीर. त्यांनी ती वाढली आणि मला रडू आलं. खीर गरम आहे असं मी सांगितलं.

महाराज बुधवारी पहाटे विहार करणार, म्हणजे पुढच्या गावी निघणार होते. उरला होता एकच दिवस. मी ठरवलेली सकाळची बस सोडून दिली आणि अण्णांना म्हटलं, उद्या तुम्ही दारात उभे राहा. मोटारीपाशी मी बसते.

अण्णा आधी हसले. मग त्यांना दिसलं की मी हसत नाहीये. बाई, खोरं धरायला येतं का? मी म्हटलं, चौतीस वर्षं शिक्का मारला आहे, खोरंही मारेन. आक्का आतून ऐकत होत्या. त्यांनी आठ दिवसांत नवऱ्याला "उभारा" म्हणून एकदाही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नाही म्हणून अण्णांनीही विचारलं नव्हतं. दोघांच्या मधोमध ते सुकं शेत होतं.

"ढोपर दुकंल उभारून," आक्का दारात येऊन म्हणाल्या.

"दुकू दे," अण्णा म्हणाले.

मंगळवार

साडेआठला अण्णांनी मला मोटारसायकलवरून नदीवर सोडलं आणि पाच वेळा समजावलं. पेटीवरचे तिन्ही दिवे लागले की हिरवं बटण. पाणी पाटात आलं की पाच सऱ्या फोडायच्या. लाल चिंधी बघायची. घोळ झाला तर लाल बटण आणि गप बसायचं. आणि त्या बांधाकडे लक्ष. मग ते आंघोळीला पळाले.

नऊला दिवे लागले. मी बटण दाबलं आणि नदीतून हुंकार आल्यासारखं होऊन पाइपातून पाणी उसळलं. एवढा आनंद मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता. मी पदर खोचला, चपला झाडाखाली ठेवल्या आणि खोरं घेतलं. पहिली सरी फोडताना निम्मा चिखल माझ्या अंगावर आला. दुसरी बरी जमली. वंदू, यरडू, मूरू. पुढचं येत नव्हतं म्हणून चार आणि पाच मराठीत. पाणी मातीत शिरताना आवाज करतं आणि वास सोडतं, आणि कोरडी सरी काळी होत पुढे पुढे जाते, ते बघत राहावंसं वाटतं. पहिल्या पाच बुजवल्या, दुसऱ्या पाच फोडल्या. मला वाटलं, पोस्टात उगाच गेले.

मग दहा वाजले असावेत. वारा गावाकडून होता. आधी काहीच नाही, आणि मग एकदम तो आवाज आला, अनेक माणसांचा एकत्र, "नमोस्तु, नमोस्तु." थांबला. पुन्हा आला, आता एकाच जागेवरून. म्हणजे महाराज कुणाच्यातरी दारी थांबले होते. कुणाच्या? मी खोरं टाकलं आणि बांधावर चढले. उसावरून बस्तीचा मानस्तंभ तेवढा दिसत होता. घरं नाहीत, गल्ली नाही. ज्यासाठी बस सोडली ते चार शेतांपलीकडे चाललं होतं आणि मला फक्त ऐकू येत होतं. मी कधी नव्हे ते हात जोडले. कुणाला, ते मला सांगता येणार नाही. आमच्या घरी असू दे, एवढंच म्हटलं. "आमच्या" म्हटलं हे माझ्या नंतर लक्षात आलं.

किती वेळ गेला कोण जाणे. महाराजांचा आहार मध्येच थांबू शकतो, हेही मंगलने सांगितलं होतं. अन्नात एखादा केस, एखादी मुंगी दिसली तरी ते ओंजळ सोडतात आणि तसेच उपाशी जातात. म्हणजे थांबले तरी पुरतं नव्हतं. मी रस्त्याकडे डोळे लावून उभी राहिले.

मोटारसायकलचा आवाज आला. अण्णा आले ते शुद्ध पांढऱ्या धोतरात, उघड्या अंगावर उपरणं, अनवाणी, तसेच चिखलातून. ढोपराचा पट्टा कुठेतरी पडला होता. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी नुसती स्वतःची ओंजळ करून मला दाखवली.

"थांबलं?" मी विचारलं. माझ्या तोंडूनही त्यांचीच भाषा निघाली.

"आमच्या दारात," ते म्हणाले. "हिनं पयला घास दिला. शेवटपातूर घेतला स्वामींनी, एक कणबी आडवा आला न्हाय." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "लई वर्सांनी हसली बगा. तुमचं पान ठिवलंय म्हणाली. बाईला घिऊन या म्हणाली."

मी तिथेच बांधावर बसले आणि मनसोक्त रडले, ते दिसलं तरी हरकत नाही अशा बेताने. मग विचारलं, खूण जोडीचीच होती ना? अण्णांनी खांदे उडवले. कळत नसतं, म्हणाले. मंगलही जोडीनेच उभी होती, तिच्या दारावरून गेले की.

आणि मग दोघांचंही लक्ष एकदमच पाण्याकडे गेलं. दुसऱ्या पाच सऱ्या केव्हाच भरून वाहत होत्या. लाल चिंधी पाण्यात बुडाली होती. मी बुजवायला विसरलेल्या सऱ्यांच्या टोकाकडून पाणी बांधाला भिडलं होतं, त्याला भगदाड पाडलं होतं, आणि पलीकडे तात्यासाहेबाच्या पिवळ्या लागणीत सरीमागून सरी भरत खुशाल चाललं होतं. एक थेंब नव्हे, निम्मी नदी.

मी धडपडत उठले आणि टाकलेलं खोरं उचललं. अण्णांनी धोतर वर खोचलं आणि माझ्या हातातलं खोरं घेतलं. बांधावर गेले. भगदाडाशी उभे राहून त्यांनी तो पिवळा ऊस बराच वेळ पाहिला. मग खोरं उलटं करून मातीत रोवलं आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

"असू द्या बाई," ते म्हणाले. "आज त्येच्या उसाचंबी पारणं हुंदे."